ट्रेलचा नाला झाला तेव्हा: सातपुड्याच्या पायथ्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

डोंगर उतरायच्या सायकलच्या वाटेचा, म्हणजे ट्रेलचा, पावसात नाला झाला आणि गावानं तो दुरुस्त केला, त्याची ही हकिगत. गावाचं नाव देत नाही, माणसांचीही नाही, कारण गाव एवढुसं आहे आणि यातले सगळे लोक रोज एकाच टपरीवर चहा पितात. अमरावती जिल्ह्याचा उत्तरेकडचा पट्टा धरा, जिथं संत्र्याचे बगीचे संपतात आणि सातपुडा सुरू होतो. हे जंगल मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत नाही हे आधीच सांगून टाकतो, कारण सायकल आणि जंगल म्हटलं की पहिला प्रश्न तोच येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे, म्हणजे हे जंगल राखायचं कसं, वापरायचं कसं हे ग्रामसभा ठरवते. विदर्भात हे काही नवल नाही, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये वाट पाडली, त्यानंतर आमच्याच जिल्ह्यातलं पायविहीर वगैरे गावं पुढे आली.

डोंगर म्हणजे साग, धावडा, मोह, तेंदू आणि वर माथ्यावर सालई. उतारावर मुरूम, खाली बेसॉल्टचा कातळ, आणि पायथ्याला आलं की काळी माती. वरुड तालुक्यात २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची वॉटर कप ही गावागावांतली जलसंधारणाची स्पर्धा झाली तेव्हापासून ह्या सगळ्या पट्ट्यात ए-फ्रेम (पातळी काढायची इंग्रजी A सारखी लाकडी चौकट), कंटूर (समान पातळीची रेघ), सीसीटी (सलग समतल चर) हे शब्द शाळेतल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहेत. ह्या गावानंही त्याच लाटेत उन्हाळ्यात श्रमदान करून डोंगराच्या खालच्या अंगाला पाणी अडवायला सलग समतल चर खोदले, नाल्यात अनघड दगडी बांध टाकले, आणि खाली एक माती नाला बांध आहे तो आधीचाच. हे लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण ह्या चरांवरून आहे.

सायकलींचं असं झालं की गावातल्या काही पोट्ट्यांनी जुन्या गिअरवाल्या सायकली घेतल्या आणि गुरं पाण्यावर जायच्या वाटेवरून डोंगर उतरायला लागले. मग परतवाडा, अमरावती इथले सायकलवाले रविवारी यायला लागले, त्यांना नाश्त्याला पोहे आणि दुपारी झुणका-भाकर देणारं एक घर झालं, मग दोन झाले. ग्रामसभेनं सायकलमागे ५० रुपये ठरवले. साधारण चार-साडेचार किलोमीटरची वाट, वर जायला बैलगाडीचा जुना रस्ता आणि उतरायला ही गुरवाट. कोणी ट्रेल ‘बांधला’ वगैरे नव्हता. होता तोच वापरला.

मी ह्यात कुठून आलो, तर जलसंधारणाच्या कामात लेव्हल काढून द्यायला आणि हिशोब ठेवायला मला ह्या गावात आधीपासून बोलावतात, म्हणून ह्यावेळीही बोलावलं.

अडचण काय झाली

दुसऱ्या पावसाळ्यानंतर गुरवाट राहिली नाही, नाला झाला. काही ठिकाणी मांडीएवढा खोल, तळाला मोकळे दगड, आणि सायकलवाल्यांना त्यातून जाता येईना म्हणून ते बाजूनं जायला लागले, मग बाजूलाही दुसरी वाट पडली, मग तिच्याही बाजूला तिसरी. जिथं एक हात रुंद वाट होती तिथं बैलगाडी जाईल एवढा पट्टा उघडा पडला.

पण खरं तोंड फुटलं ते खालच्या चरांमुळे. डोंगरावरून वाहून आलेला सगळा मुरूम आणि माती चरांमध्ये बसली, खालच्या बाजूच्या चरांच्या ओळी जमिनीला बरोबर झाल्या. ज्या बायांनी मे महिन्याच्या उन्हात ते खोदले होते त्यांनी ग्रामसभेत विषय काढला आणि तो साधा नव्हता. एक बाई उभी राहून म्हणाली, “आमचे हात फुटले खोदू खोदू, अन् ह्या पोट्ट्यायनं दोन साल सायकली फिरवून भरून टाकले. आता काढणार कोन?” सायकलवाल्या पोट्ट्यांचं म्हणणं, माती गुरांनी आणि बकऱ्यांनी उकरली, आम्ही तर रविवारीच जातो. गुराख्यांचं म्हणणं, बापजाद्यापासून गुरं ह्याच वाटेनं जातात, तेव्हा नाही झाला नाला तो आताच काऊन झाला?

तिघांचंही थोडं थोडं खरं होतं. अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर एक अभ्यास झालेला आहे, १९९४ मध्ये छापून आला, त्यात घोडे आणि पायी चालणारे हे सायकलपेक्षा जास्त माती मोकळी करतात असं दिसलं होतं. पोट्ट्यांनी तो मोबाईलवर शोधून ग्रामसभेत वाचून दाखवला. मला विचाराल तर असा कागद अशा सभेत काही कामाचा नाही, कारण तिथले घोडे म्हणजे इथली गुरं नाहीत आणि वाद जिंकून चर काही रिकामे होत नाहीत. गुराच्या खुराचा खड्डा तुटक असतो, त्यात पाणी थांबतं. टायर एकसलग रेघ ओढते, आणि उतारावर मागचा ब्रेक दाबून सायकल घसरवली की ती रेघ खोल होते आणि पाण्याला तयार चारी मिळते. वाट मुळातच सरळ उताराच्या रेषेत होती, गुरांनी ती मोकळी केली, सायकलींनी तिला चारी पाडली, पावसानं बाकीचं केलं.

पाऊस चालू असताना चालणं

पहिला महत्त्वाचा निर्णय हा की काहीही करायच्या आधी भर पावसात वाट चालायची. हा सल्ला माझा नाही, गुरं चारणाऱ्या एका काकाजींचा. ग्रामसभेत सगळे बोलून झाल्यावर ते म्हणाले, “उन्हात पाहून काय समजते? पानी कोठून येते अन् कोठी जाते थे पान्यातच दिसते.”

परतीचा एक चांगला पाऊस लागला तेव्हा सात-आठ जणं छत्र्या, पोती डोक्यावर घेऊन वरून खाली चाललो. दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे पाणी सगळीकडून वाटेत येत नव्हतं, मोजक्या ठिकाणांहून येत होतं. सगळ्यात मोठं पाणी येत होतं ते एका लहान ओढ्याचं. वाट तो ओढा ओलांडून पुढे खालीच उतरत होती, म्हणजे ओलांडायच्या जागेनंतर परत वर चढतच नव्हती, म्हणून ओढ्याला पूर आला की अर्धं पाणी आपला रस्ता सोडून वाट धरायचं. दुसरी गोष्ट, वाटेच्या खालच्या काठाला मातीचा एक उंचवटा तयार झाला होता, टायरनं आणि पायानं बाजूला सरकलेल्या मातीचा, फार नाही, चार बोटं. पण तेवढ्यानं पाणी बाहेर जायचं बंद झालं होतं. तो उंचवटा नसता तर दहा जागी पाणी आपोआप उतारावर पसरून पालापाचोळ्यात जिरलं असतं.

उन्हाळ्यात आम्ही हीच वाट पाहिली असती तर सगळ्यात खोल खड्डा जिथं आहे तिथंच काम काढलं असतं. खड्डा खाली पडतो, त्याचं कारण शंभर-दोनशे फूट वर असतं.

समोर असलेले पर्याय

चार पर्याय ग्रामसभेत आले.

जेसीबी लावायचा, दोन मीटर रुंद सपाट रस्ता काढायचा आणि वर मुरूम टाकायचा. हा पर्याय सगळ्यात जास्त लोकांना आवडला होता हे कबूल करायला पाहिजे, दोन दिवसात काम, दिसायलाही जोरदार, आणि वर बैलगाडी जाईल हा फायदा. विरोध असा की उतार तोच राहतो, फक्त उघडी जमीन तिप्पट होते, आणि झाडांची मुळं तुटतात ती वेगळी. वरून टाकलेला मुरूमही पहिल्या पावसात चरातच जाणार. शिवाय वनहक्काच्या जमिनीवर मशीन घालून रस्ता म्हणजे परवानगीचा मोठा विषय, तो कोणालाच अंगावर घ्यायचा नव्हता.

आहे त्या वाटेवर आडवे ओंडके टाकून पाणी बाहेर काढायचं. स्वस्त, आणि बऱ्याच ठिकाणी करतात. पण ओंडक्यामागे गाळ साचला की पाणी वरून उडी मारून जातं, आणि सायकलवाला ओंडका टाळायला बाजूनं जातो, म्हणजे पुन्हा वाट रुंद. दर पावसानंतर गाळ काढायला माणूस पाहिजे, तो कुठून आणायचा?

वाट बंदच करून टाकायची. बायांच्या गटाचं सुरुवातीला हेच म्हणणं होतं आणि ते चुकीचं नव्हतं. पण बंद केलेली वाटही पाणी वाहूनच नेते, नुसता बोर्ड लावून नाला बुजत नाही. आणि दोन घरांचं उत्पन्न जात होतं, त्यातलं एक घर ह्याच गटातल्या बाईचं होतं, त्यामुळे तिथंच जरा शांतता झाली.

चौथा पर्याय, सगळ्यात खराब तेवढा भाग सोडून देऊन डोंगराच्या कडेकडेनं नवीन अरुंद वाट काढायची, जुनी बुजवायची, आणि ओढ्याची जागा दुरुस्त करायची. हाताच्या अवजारांनी, सिमेंट नाही, पेव्हर ब्लॉक नाही, झाड तोडायचं नाही. वेळ जास्त, मेहनत जास्त. ठरलं हेच, पण एका अटीवर, जी अध्यक्ष ताईंनी घातली: आधी चरांमधला गाळ काढायचा, तो सायकलवाल्यांनी काढायचा, आणि त्यानंतरच वाटेला हात लावायचा. ह्या अटीनं अर्धं भांडण मिटलं. अमरावतीहूनही पोरं आली, हातात घमेली घेऊन.

वनविभागाच्या बीटवाल्या साहेबांना, म्हणजे ह्या भागाच्या वनरक्षकांना, ठराव दाखवला, जागा फिरवून दाखवली. त्यांनी एवढंच सांगितलं की झाडाला कुऱ्हाड लावू नका आणि अंधार पडायच्या आत सगळे खाली पाहिजेत. दुसरी गोष्ट तर गावही म्हणतच होतं, अस्वल आणि बिबट ह्या बाजूला आहेत आणि रानडुकरं संध्याकाळी हीच वाट वापरतात.

काम: चर आणि वाट ह्यातला फरक

रेषा ठरवायला नियम दोन घेतले. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, आणि सरासरी दहा टक्क्यांच्या वर नको. टक्के म्हणजे शंभर फूट पुढे गेल्यावर किती फूट खाली आलो. डोंगर ४० टक्क्यांचा असेल तर कडेनं १० टक्क्यांची वाट काढली की पाणी वाट आडवी ओलांडून खाली जातं. पण पायथ्याला जिथं जमीन फक्त १२ टक्क्यांची आहे तिथं वाट ६ च्या आत पाहिजे, नाहीतर पाण्याला वाटच सोपी पडते. सपाट दिसणारी जमीन लोकांना सुरक्षित वाटते, आणि वाट फसते ती बहुतेक तिथंच.

लेव्हलला ए-फ्रेमच वापरली, घरोघरी पडलेलीच होती. सीसीटीला दोन्ही पाय समान पातळीला लागतात, इथं उतार पाहिजे होता, म्हणून दोन मीटरच्या ए-फ्रेमच्या पुढच्या पायाखाली १२ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा बांधला आणि वरून दोरीला टांगलेला लंब मधात आला की खूण केली. ६ टक्के उतार आपोआप मिळतो. पोट्ट्यांकडे मोबाईलमध्ये उतार मोजायचं ॲप होतं, ते आणि ठोकळा दोन्ही लावून पाहिले, फार फरक आला नाही, आणि ठोकळ्याला चार्जिंग लागत नाही.

मग गोची झाली. पहिल्या दिवशी जे लोक कामाला होते ते सगळे चर खोदलेले हात होते, आणि चरात खोदलेली माती खालच्या अंगाला टाकून तिचा बांध घालतात. त्याच सवयीनं त्यांनी वाटेचं टिकास-फावड्याचं काम केलं, दोन फुटांची सपाट पट्टी कापली आणि निघालेला मुरूम खालच्या काठाला छान दाबून बांध केला. दिसायला इतकं देखणं की फोटो काढले गेले. संध्याकाळी अवकाळीचा एक सडाका आला आणि सगळं पाणी त्या पट्टीत कोंडून वाहत जाऊन एका जागी बांध फोडून निघालं. गावातलं सगळं कौशल्य पाणी अडवायचं होतं, आणि वाटेचं काम नेमकं उलटं.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी एका वाक्यात तोडलं: “अडवाचं का सोडाचं, पयले थे ठरवा.”

त्यानंतर पद्धत बदलली. बांध काढला. निघालेला मुरूम वाटेच्या काठावर न ठेवता फावड्यानं लांब खाली फेकून पातळ पसरवायचा. पूर्ण पट्टी कापलेल्या पक्क्या जमिनीवर, अर्धी भरावावर नाही, कारण भराव पहिल्या पावसाळ्यात बसतो. पट्टीला बाहेरच्या बाजूला हलका कल, ६० सेंटीमीटर रुंदीला ३ सेंटीमीटर, डोळ्याला दिसतसुद्धा नाही पण पाण्याला कळतं. आणि कल कालांतरानं बुजतोच, म्हणून साधारण दर १०-१५ मीटरवर वाट थोडी वर चढवून परत उतरवायची, म्हणजे पाणी त्या खोलगट जागेपर्यंत येऊन बाहेर निघून जातं, पुढे जाऊ शकत नाही. सायकलवाल्यांना हे उंचसखल भलतंच आवडलं, त्यांच्यासाठी ती मजा आहे, आपल्यासाठी गटार आहे.

ओढ्याच्या जागी पाईप टाकायचा आग्रह झाला. टाकला नाही. पाईप सागाच्या पानांनी पहिल्याच पुरात बंद होतो. वाट ओढ्यात उतरवली, तळाला चपटे दगड उभे रोवून फरशी केली, आणि पलीकडे वाट मुद्दाम पाच-सहा पावलं वर चढवली, म्हणजे ओढ्याला वाटेत शिरायला चढ लागला पाहिजे. दगडांचंही एक झालं. एका टोळीनं जवळ पडलेत म्हणून वरच्या अनघड दगडी बांधातलेच दगड काढून आणले, ते परत नेऊन लावावे लागले. मग शेताच्या धुऱ्यावर वेचून टाकलेले दगड आणले, शेतकरी उलट खुशच झाले.

पाला, घाणेरी आणि आग

ह्यावर लोक फार बोलत नाहीत, पण माझ्या मते पर्यावरणाच्या दृष्टीनं अर्धा विषय इथं आहे.

सागाचं पान मोठं. पावसाचं पाणी पानावर जमतं आणि जाड थेंब होऊन पडतं, त्यामुळे सागाखाली जमीन उघडी असली की माती जोरात उडते. पालापाचोळा हाच तिथला संरक्षक थर. आणि सायकलवाल्यांना काय पाहिजे, तर चकाचक झाडलेला ट्रेल, कारण वाळक्या सागपानांवर टायर घसरतो आणि खालचा दगड दिसत नाही. दोन्ही बाजू खऱ्या. ठरलं असं की फक्त वळणावर आणि ब्रेक लागतो त्या जागी, तेही दोन फुटांच्या पट्टीतच पाला काढायचा. काढलेला खालच्या काठाला ढीग करून ठेवायचा नाही, कारण तो ढीग पुन्हा बांधाचंच काम करतो. पोत्यात भरून जुन्या बंद केलेल्या वाटेवर नेऊन पसरायचा. तिथं कुदळीनं जमीन सैल केली होती, दगडांच्या आडव्या ओळी लावल्या होत्या, त्यात पाला आणि फांद्या टाकल्या आणि पावसाच्या तोंडावर मारवेल आणि पवन्या ह्या गवतांची ठोंबं लावली. कुसळी आपोआप येते, तिला लावावं लागत नाही, ज्याच्या मोज्यात शिरली त्याला विचारा.

घाणेरी म्हणजे रायमुनिया, तिनं दोन जागी वाट दाबली होती. नुसती छाटली की ती चौपट फुटते. म्हणून बुंध्याच्या खाली, जमिनीच्या आत मूळ तोडून झुडूप उलटं करून ठेवलं, की मुळाला परत माती मिळू नये. आणि फळं धरलेली झुडपं अजिबात हलवली नाहीत, फरफटत नेली की बी सगळीकडे. जुनी वाट बंद करायला काट्याकुट्यासोबत तीच टाकू असं एकानं सुचवलं होतं, तिथंच थांबवलं.

आगीचा मुद्दा ग्रामसभेत वेगळाच निघाला. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, ती आग कधी कधी सुटते. एक जण म्हणाला वाट चार मीटर रुंद साफ करा, जाळरेषाही (आग अडवायची साफ पट्टी) होईल आणि सायकलीही जातील, एका दगडात दोन पक्षी. ऐकायला इतकं बरोबर वाटतं की ठराव होता होता राहिला. पण जाळरेषेसाठी उतारावर रुंद उघडी पट्टी ठेवली की पावसात तीच चारी होते. जाळरेषा डोंगराच्या धारेवर आहे ती तिथंच ठेवली, वाट अरुंदच ठेवली. उलट मोहाखाली पाला जाळण्याऐवजी झाडून घ्यायचा किंवा जाळी अंथरायची ह्यावर बोलणं सुरू झालं, ते अजून सगळ्यांनी मान्य केलेलं नाही.

पावसाळ्यात चालू की बंद

हा सगळ्यात जड निर्णय. चिखलदऱ्याला गर्दी होते ती पावसाळ्यात, आपल्याकडेही सायकलवाल्यांना हिरव्या डोंगरातच यायचं असतं, आणि वाटेला धोका नेमका तेव्हाच. काळ्या मातीचा पायथ्याचा तुकडा तर पावसात अशक्य, ती माती फुगते, दोन पायडल मारले की टायर आणि फ्रेमच्या मधात गच्च बसते, आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. जिथं चाक रुतलं तो ठसा उन्हाळ्यापर्यंत राहतो आणि भेगा तिथूनच सुरू होतात.

पूर्ण बंद म्हटलं तर जेवणाच्या घरांचं काय? शेवटी तोडगा असा की पाऊस लागल्यापासून दसऱ्यापर्यंत पायथ्याचा तुकडा बंद, वरचा मुरमाचा भाग उघडीप असेल तेव्हा चालू, आणि चालू की बंद हे गावातला एक पोट्टा सकाळी स्वतः चालून ठरवणार. चिखल बुटाला चिकटला तर बंद, बस. त्या दिवशीचं जेवण मात्र ठरल्याप्रमाणे, सायकल नाही तर पायी फिरून या. त्या पोट्ट्याला रोजी ग्रामसभेच्या पैशातून द्यायची, हे मी धरून लावलं, कारण फुकटात ‘नाही’ म्हणायचं काम कोणी जास्त दिवस करत नाही.

एकदा बाहेरचा एक गट बंद असताना वर गेलाच. त्यांना दंड करायचा का ह्यावर बराच खल झाला, शेवटी त्यांना फोन करून पुढच्या कोरड्या रविवारी बोलावलं आणि चाकोऱ्या बुजवायला फावडी हातात दिली. आले. सगळेच येतील असं नाही.

निकाल

नवीन काढलेल्या वाटेनं पहिला पावसाळा बरा काढला. ओढ्याची फरशी जागची हलली नाही. दोन खोलगट जागा गाळानं भरल्या, त्या दिवाळीआधी दाताळं-फावड्यानं अर्ध्या सकाळीत मोकळ्या झाल्या. काठाचा उंचवटा पुन्हा तयार व्हायला लागला होता, तो वर्षातून एकदा कापावाच लागणार. चरांमध्ये गाळ आला, पण वरच्या ओळीतच आणि थोडा.

फसलं ते जुन्या वाटेचं बंद करणं. काटे टाकले, पाला टाकला, गवत लावलं, आणि गुरं त्यातूनच गेली. जाणारच, पाण्यावर जायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे आणि गुरांना ग्रामसभेचा ठराव वाचता येत नाही. मधल्या तुकड्यात लावलेलं गवत सगळं तुडवलं गेलं. मग भांडण न वाढवता तेवढा तुकडा गुरांना सोडून दिला, त्यात तिरप्या दगडी ओळी टाकून पाणी ठिकठिकाणी बाहेर काढलं आणि सायकलींना तिथं पक्की बंदी. वरचा आणि खालचा तुकडा मात्र भरत आहे.

काही सायकलवाले म्हणतात ट्रेल बोर झाला, आधीचा थरार राहिला नाही. त्यांचं खरं आहे. सरळ घसरत खाली येण्यात जी मजा होती ती आता नाही, ते दुसरीकडे जातात, जाऊ द्या. नवशिके आणि लेकरंवाले लोक मात्र वाढले असं जेवण देणाऱ्या बाईंचं म्हणणं.

वेगळं काय करता आलं असतं

गुराख्यांना रेषा ठरवायच्या आधी सोबत न्यायला पाहिजे होतं. पावसात चालताना काकाजी होते, पण लाकडी खुंट्या ठोकताना फक्त सायकलवाले आणि ए-फ्रेमवाले होते. गुरं कुठून कधी जातात हे तेव्हाच विचारलं असतं तर गुरांची वाट आणि सायकलची वाट दोन्ही एकदमच आखता आल्या असत्या.

काम कापणीच्या आधी-नंतर असं तुकड्यात केलं, कारण तेव्हाच माणसं मिळतात. त्यापेक्षा पावसाळा संपल्या संपल्या, माती ओलसर असताना काढायला पाहिजे होतं, तेव्हा मुरूम दाबून नीट बसतो. एप्रिलमध्ये खोदलेली कोरडी पट्टी पहिल्या सरीत धूळ होऊन जाते.

आणि ५० रुपये कमी होते. चरांचा गाळ काढणं, सकाळी वाट तपासणारा पोट्टा, वर्षातून एकदा काठ कापणं, हा सगळा खर्च त्यात बसत नाही, आज तो श्रमदानावर ढकललेला आहे आणि श्रमदान म्हणजे बहुतेक वेळा त्याच बाया. आता गट असला तर जास्त पैसे, आणि कामाच्या दिवशी फावडं धरणाऱ्याला फुकट, असं बोलणं चालू आहे.

पायथ्याच्या काळ्या मातीच्या तुकड्याचं काय करायचं हे अजून ठरलेलं नाही. एक मत दगडांची फरशी करा, पण तेवढे दगड धुऱ्यांवर उरलेले नाहीत. दुसरं मत वाट शंभर-दीडशे मीटर बाजूला मुरमावर न्या, पण तिथं एका शेतकऱ्याचा संत्र्याचा बगीचा आडवा येतो आणि त्याला कुंपणाजवळून सायकली नको आहेत. विषय पुढच्या ग्रामसभेवर ढकलला आहे, तोपर्यंत तेवढ्या तुकड्यात उतरून सायकल हातानं न्यायची असा नियम आहे.